उसाच्या कडेला संसार

अगं, काल रात्री तू फोनवर रडलीस आणि मी "सकाळी बोलू" म्हणून ठेवून दिला, ते रात्रभर टोचत राहिलं मला. आत्ता सगळी कामं उरकून, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलेय. सावकाश ऐक. मधेच "ताई, पण" करू नकोस.

तू पाठवलेला फोटो पाहिला. उसाच्या पहिल्या सरीच्या कडेला, पाणी भरलेल्या ओल्या मातीत पंजा उमटलाय. शेजारी तू अंदाजासाठी काडेपेटी ठेवलीस ते फार बरं केलंस. चार बोटं, मागे तीन फुगवट्यांची गादी आणि नखांची खूण कुठेच नाही. कुत्र्याची नखं मातीत टोचलेली दिसतात, याची नखं चालताना आत असतात. म्हणजे तुझी शंका बरोबर आहे, बिबट्याच आलाय. पण पुढचे ठसेही मोज की. तुझ्या अंगणाकडे एकही वळलेला नाही. बांधाबांधाने तो सरळ ओढ्याकडे गेलाय. रात्री तुम्ही सगळे आत झोपलेले होतात आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. फोटोतलं हेही तेवढंच खरं आहे.

तू म्हणालीस, "गावाने पिंजरा मागितलाय, एकदा धरला की सुटलो." बाई, मला नेमकं यावरच तुझ्याशी बोलायचं आहे.

माझं लग्न २००२ चं. तू तेव्हा दुसरीत होतीस, तुला आठवायचं नाही. भोसरीच्या दोन खोल्यांतून उठून मी ओतूरच्या खालच्या अंगाला मळ्यात आले ती ऐन बिबट्याच्या हल्ल्यांच्या दिवसांत. गावात सगळे त्याला वाघच म्हणायचे, अजूनही म्हणतात. रोज कुठली तरी बातमी यायची. अमक्या वस्तीवरून पोर नेलं, तमक्याच्या बाईवर झडप घातली. मी नवी नवरी, संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. आईला चिठ्ठी लिहिली होती, मला घेऊन जा म्हणून. टाकली नाही, आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, बघितली आणि काही न बोलता डब्यात ठेवली. म्हणून सांगते, तुझ्या रडण्याला मी नावं ठेवणार नाही.

तेव्हा नेमकं काय चाललं होतं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, धर आणि लांब घाटात, जंगलात नेऊन सोड, असा सपाटा लागला होता. लोकांची मागणीच तशी होती, आणि ऐकायला किती सोपं वाटतं ना! विद्या अत्रेय म्हणून बाई आहेत, वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी जुन्नरच्या या सगळ्या घटनांचा हिशोब मांडला. आधीच्या सात-आठ वर्षांत इकडे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ व्हायचे. धरून सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते सरासरी १७ वर गेले. चाराचे सतरा! मी सासरी आले ते त्या सतरांत.

कारण समजून घे, म्हणजे पुन्हा पिंजऱ्याचं नाव काढायच्या आधी विचार करशील. त्या जनावराला आपल्या भागातली वाट न वाट माहीत असते. कुठल्या वस्तीवर कुत्री किती, माणसं कधी निजतात, पाणी कुठे, सगळं त्याला ठाऊक. तो माणसाला टाळूनच वाढलेला असतो. त्याला उचलून चाळीस-पन्नास किलोमीटरवर टाकलं की तो बिथरतो. अनोळखी मुलूख, तिथे दुसऱ्या बिबट्यांची ठाणी, पिंजऱ्याच्या गजांवर आपटून दात मोडलेले, आणि माणसांचा गोंगाट डोक्यात बसलेला. काही तर घराच्या ओढीने परत चालत निघतात, वाटेत नको तिथे नको त्या वेळी माणसासमोर येतात. आणि इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा येऊन बसतो, बहुतेक वेळा तरणाबांड, अजून काही न शिकलेला. तुझ्या ओळखीचा गेला आणि परका आला, मग तू काय मिळवलंस?

आणि सोडायचं नाही म्हटलं तर ठेवायचं कुठे? आमच्या इथे माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. एकदा मी पोरांना घेऊन बाहेरून पाहून आले. ज्यांना परत सोडता येत नाही ते तिथे जन्मभर पिंजऱ्यात राहतात. तालुक्यातले सगळे बिबटे तिथे मावतील असं कुणालाही वाटत असेल तर त्याने आधी आपल्या भागात ऊस किती आहे ते बघावं.

ऊस, बाई, सगळं त्या उसात आहे. आमचे मामंजी सांगायचे, त्यांच्या तरुणपणी इथे बाजरी, मटकी, कुठे हुलगे. माणूस बांधावर उभा राहिला की पार डोंगरापर्यंत नजर जायची. मग कुकडीची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. कालवे आले, पाणी आलं आणि माळाचा ऊस झाला. आपल्या पोरांची शिक्षणं त्या उसावरच झाली, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण आडसाली ऊस सोळा-सतरा महिने रानात उभा राहतो. आत गारवा, पाटाला पाणी, डुकरं, उंदीर-घुशी, आणि वस्तीवरची कुत्री हाकेच्या अंतरावर. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? आज तुझ्या वस्तीजवळ जे जनावर फिरतंय, ते उसातच जन्मलेलं असण्याची शक्यता जास्त. त्याच्या आईचाही जन्म उसातलाच असेल. "जंगलात सोडा त्याला" म्हणतेस, पण त्याने जंगल पाहिलेलंच नाही.

नगरकडच्या अकोल्यात अत्रेयबाई आणि त्यांच्या बरोबरच्यांनी वर्षानुवर्षं उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले, काही बिबट्यांच्या गळ्यात पट्टे घातले. जंगल नाही, सगळी शेती आणि दाट वस्ती, तरी शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले. आणि त्यांच्या विष्ठेवरून खाणं काय ते तपासलं तर सगळ्यांत जास्त कुत्री, मग मांजरं, मग शेळ्या. रात्री ते घरांच्या अगदी जवळून फिरत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्या अभ्यासातला एक म्हातारा बिबट्या, त्याचं नावच आजोबा पडलं. त्याच्यावर मराठी सिनेमाही आला होता २०१४ ला. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. २००९ मध्ये पट्टा घालून त्याला माळशेजला सोडलं. तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला, शंभराच्या वर किलोमीटर! वाटेत रेल्वे, रस्ते, खाडी, किती गावं. एका माणसाला ओरखडाही नाही. शेवटी हायवेवर गाडीखाली गेला बिचारा. हे मी तुला लाड म्हणून सांगत नाही. उसाच्या कडेने जाणारं प्रत्येक जनावर तुझ्या लेकरासाठी दबा धरून बसलेलं नाही, एवढं तुझ्या मनात ठरावं म्हणून सांगते.

आता उलट बाजू, कारण मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतकडे तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. तुझ्याच तालुक्यात. लोक पुणे-नाशिक रस्त्यावर बसले ते उगीच नाही. ज्या आईचं पोर गेलं तिला "सहजीवन" हा शब्द ऐकवायची माझी छाती नाही. माणसावर हल्ला करायला लागलेल्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पकडून आणि तेही जमत नसेल तर मारून. तिथे शेवटी गोळीच घालावी लागली. त्याबद्दल माझं दुमत नाही. माझा विरोध दिसला-की-पिंजरा याला आहे. कारण वनखात्याची चार माणसं दिसलेल्या प्रत्येकामागे पळत राहिली, तर खरा धोक्याचा जो आहे त्याच्याकडे बघायला कुणी उरत नाही.

मग आपल्या हातात काय? वेळ. माझ्या चोवीस वर्षांच्या संसाराने शिकवलेलं एवढंच. दिवस आपला आणि रात्र त्याची. दिवेलागणीच्या आधी तासभर आणि पहाटे उजाडेपर्यंत, हे दोन वखत सांभाळ.

तुझी छोटी चार वर्षांची आहे. दिवेलागणीला ती अंगणात एकटी नको, म्हणजे नकोच. तू स्वयंपाकघरात आणि ती ओट्यावर, असंही नको. शू आली म्हणाली तर तिचा हात धरून जा आणि तू उभी राहा. न्हाणी-संडास घराला लागून आहे ना तुमचा? नसेल तर आधी ते काम करा, ट्रॅक्टरचा हप्ता थांबला तरी चालेल. बसलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही. उभं दोन पायांचं काही दिसलं की तो बाजूला होतो, पण वाकलेलं, उकिडवं बसलेलं त्याच्या नजरेला शेळीएवढंच असतं. म्हणून गवत कापताना, खुरपताना, उसाच्या कडेला वाढं गोळा करताना एकटी वाकू नकोस. दोघी-तिघी असा, एक उभी राहू दे, बोलत राहा, मोबाइलवर गाणी लावा. आम्ही बाया तर पूर्वी काठीला घुंगरू बांधून जायचो. उन्हाळ्यात उकडलं तरी अंगणात बाज टाकायची नाही. गच्ची आहे तुम्हाला, जिन्याला दार लावून तिथे झोपा.

जावईबापूंना सांग, रात्रीच्या लाईटीला दारं धरायला जायचं तर एकट्याने नाही. मला ठाऊक आहे, थ्री फेज रात्रीचीच येते काही आठवडे आणि पाणी तर द्यायलाच लागतं. दिवसा वीज द्या ही मागणी मी बिबट्याच्या प्रश्नात सगळ्यांत वर धरते. पिंजऱ्यासाठी गाव जमतं तसं दिवसाच्या विजेसाठी जमायला हवं. तोवर दोघं जा, मोठी बॅटरी घ्या, मोटारीपाशी जाईपर्यंत बोलत जा.

आणि कुत्री. तुमच्या रस्त्याच्या कडेला चिकनच्या दुकानांची घाण पडते, तू मागे वासाची तक्रार केली होतीस. आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात ते मी स्वतः पाहिलं. त्या घाणीवर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. गावाने ते एक टाकणं बंद केलं, खड्डा घेऊन पुरायला लागलं, तर निम्मं आमंत्रण कमी होईल. ग्रामसभेत हे बोल. बायकांनी बोललेलं ऐकत नाहीत म्हणशील, पण चार जणी मिळून उठलात की ऐकतात. आम्ही केलंय.

गोठ्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथे आमचं नुकसान झालंय. आमच्या शेळ्या अर्ध्या भिंतीच्या छपरात असायच्या, वर उघडं. एका रात्री कुत्रं आधी जोरजोरात भुंकलं आणि मग एकदम गप्प झालं. ती गप्प शांतता मी विसरणार नाही. सकाळी तीन शेळ्या. एक नेलेली, दोन नुसत्याच मारून टाकलेल्या. बंद जागेत शेळ्या सैरावैरा पळतात आणि तो बिथरून समोर येईल त्याला मारतो, हे नंतर कळलं. आत्यांनी ज्या पाटीला माझ्या मोठीचं नाव ठेवलं होतं तीही त्यातच गेली. आत्या दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर तुझ्या दाजींनी पायापासून पत्र्यापर्यंत जाळी मारली, चारी बाजूंनी, वरूनही, आणि दाराला खालून फट राहू नये म्हणून फरशी बसवली. सोळा वर्षं झाली. ठसे येतात, गोठ्याभोवती फिरून जातात. शेळी एकही गेली नाही.

कुंपणात करंट सोडायचा सल्ला कुणी दिला तर तोंडावर नाही म्हण. बेकायदा तर आहेच, बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, पण कायद्याआधी हे बघ की त्या तारेला पहाटे पहिला हात कुणाचा लागणार. घरच्याच माणसाचा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आज सांगते. चार-पाच वर्षांपूर्वी आमचा खोडवा तुटत होता. बीडची टोळी होती, कोप्या आमच्या विहिरीजवळ. कोयते चालू असताना एकदम आरडाओरडा. पाचटाखाली तीन पिल्लं, मांजराच्या पिल्लांएवढी, डोळे नुकते उघडलेले, निळसर. एका पोराने एक उचललं, फोटो काढायला दुसरा धावला. आणि टोळीतली एक म्हातारी बाई, तिचा आवाज अजून कानात आहे, ओरडली, "ठेव खाली! वास काढत येईल ना त्यांची आई!" पिल्लांना हात लावू नये, आई जवळ असेल, तिच्या आणि पिल्लांच्या मधे उभं राहू नये, एवढं सगळं तिला पोथी न वाचता माहीत होतं. कोयते थांबले. मुकादम कुरकुरला, गाडी भरायची होती त्याला, पण थांबला.

वनखात्याची माणसं आली, डॉक्टर आले, पिल्लं तपासली. दिवस मावळायच्या वेळी नेमकी तीच जागा, तीच सरी, तिथे क्रेटमध्ये पिल्लं ठेवली, वर थोडं पाचट, समोर झाडाला कॅमेरा. टोळीची सगळी लेकरं त्या रात्री आमच्या पडवीत निजली, ओळीने, गोधड्यांत. मी चूल विझवली नाही. साधारण नवाच्या सुमारास उसाकडून आवाज आला, करवतीने लाकूड कापावं तसा, खरर-खरर, चार-पाचदा. पडवीतलं एक पोर उठून बसलं, त्याची आई त्याला थोपटत म्हणाली, "ती तिची लेकरं न्यायला आलीय, झोप."

सकाळी वनरक्षकाने मोबाइलवर फोटो दाखवले. मादीने क्रेट पंजाने कलता केलेला. मग मानेला धरून एक, थोड्या वेळाने दुसरं, मग तिसरं. प्रत्येक वेळी ती परत आली होती, आणि प्रत्येक फोटोत तिची मान आमच्या पडवीकडे वळलेली. दिवा दिसत असणार तिला. त्या दिवसापासून माझी भीती गेली असं नाही. पण तिच्यापाशीही सांभाळायला लेकरं आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मनातला राग बसतो, आणि राग बसला की डोकं चालतं. तुझ्याकडे तोडणी सुरू झाली आणि असं काही निघालं तर आधी लोकांना लांब कर, पिल्लांना हात लावू देऊ नकोस, आणि १९२६ ला फोन लाव. वनखात्याचा आहे तो नंबर. आत्ताच भिंतीवर खडूने लिहून ठेव, मोबाइलवर शोधत बसायची ती वेळ नसते.

दुसऱ्या एका गावात, नाव घेत नाही, पिल्लं उचलून घरी आणली होती, पोरांना दाखवायला. मादी चार रात्री त्या वस्तीभोवती ओरडत फिरली. त्या चार रात्रींत जे झालं ते मी तुला फोनवर सांगणार नाही.

गोठ्यातलं जनावर गेलंच कधी तर मेलेलं हलवायचं नाही, लगेच वनखात्याला कळवायचं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत पंचनाम्यासाठी खबर गेली पाहिजे, म्हणजे भरपाई अडत नाही. आणि माणसाला नुसता ओरखडा जरी लागला तरी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन सरळ दवाखाना, रेबीजची लस. हळद-चुना भरत बसायचं नाही.

समोरच आला तर? पळू नकोस. पळणारं म्हणजे भक्ष्य. छोटीला उचलून खांद्यावर घे, म्हणजे तुम्ही दोघी मिळून मोठ्या दिसाल. तोंड त्याच्याकडे ठेव, आवाज मोठा कर, हळूहळू मागे ये. आणि त्याची जायची वाट अडवू नकोस. गर्दी करून, दगड मारून, मोबाइल वर धरून जनावराला कोपऱ्यात कोंडतात लोक, आणि मग तो निघायला जागा शोधताना माणसावर येतो. विहिरीत पडला तरी तेच. कडेला माणसांचा गराडा असला की त्याला बाहेर यायला वाटच राहत नाही. तुमच्या जुन्या विहिरीला कठडा नाही ना अजून? त्याचं पण बघा, छोटीसाठी सुद्धा.

आमच्या महादेव कोळी शेजाऱ्यांकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, रानात जाऊन वाघोबाला नैवेद्य दाखवतात. पहिल्या वर्षी मला ते भीतीपोटी केलेलं वाटलं होतं. आता मीही मूठभर तांदूळ घालते त्यांच्या सुपात. या वर्षी तू छोटीला घेऊन ये त्या वेळी, तिला बघू दे.

तर पिंजऱ्याच्या अर्जावर सही करायच्या आधी दोन दिवस थांब. तोवर रोज सकाळी ठसे बघ आणि कुठून कुठे जातात ते वहीत लिही. ते अंगणाकडे वळायला लागले, किंवा दिवसाढवळ्या दिसायला लागला, माणूस बघून हलला नाही, तर त्याच मिनिटाला १९२६ ला कळव आणि मलाही. मग मी स्वतः तुझ्या बरोबर वनखात्यात येईन.

आणि आज दुपारी गोठ्याचं माप घेऊन ठेव, लांबी, रुंदी, पत्र्यापर्यंतची उंची, दाराची वेगळी. दाजी रविवारी येतायत, येताना जाळी घेऊनच येतील. खांब तुमच्याकडे आहेत का तेवढं जावईबापूंना विचारून संध्याकाळी फोन कर. पाचच्या आत कर, नंतर तू छोटीजवळ असशील.